पांढरं धोतर, काळी घोंगडी आणि कॅमेऱ्याचा मीटर

नवा डीएसएलआर हातात आला की पहिले काही आठवडे सगळे हिरव्या ऑटोवरच फोटो काढतात. फोटो बरेही येतात. मग कधीतरी पालखी बघायला जाणं होतं आणि घरी येऊन बघावं तर वारकऱ्यांची पांढरीशुभ्र धोतरं मळकट राखाडी झालेली असतात, चेहरे काळवंडलेले असतात आणि रात्रीच्या कीर्तनाचे निम्मे फोटो हललेले असतात. कॅमेऱ्यात बिघाड काहीच नसतो. आत किती उजेड येतोय एवढंच कॅमेऱ्याच्या मीटरला कळतं. समोर धोतर आहे की घोंगडी, हे त्याला कळत नाही. ते सांगायचं काम आपलं, आणि एक्सपोजर (फोटोला किती उजेड द्यायचा ते) शिकणं म्हणजे बहुतांशी हे सांगायला शिकणं.

म्हणून मी कोणाला कॅमेरा शिकवतो तेव्हा अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे लेन्समधल्या भोकाच्या, आकड्यांपासून सुरुवात करत नाही. घरातली एक पांढरी चादर आणि एक काळी घोंगडी आणायला सांगतो. खाली लिहिलंय ते कॅनन १५००डी, निकॉन डी५६०० यांसारखे सुरुवातीचे कॅमेरे आणि त्यांच्याबरोबर मिळणारी १८-५५ लेन्स डोळ्यांपुढे ठेवून. बाकी कॅमेऱ्यांत बटणांच्या जागा बदलतील, तत्त्व तेच राहील.

त्याआधी दोन मिनिटांचं एक काम करा. व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीच्या, बाजूला एक बारीक चाक असतं. डोळा लावून आतले आकडे स्वच्छ दिसेपर्यंत ते फिरवा. चष्म्याचा नंबर असलेले कितीतरी जण हे चाक न फिरवताच वर्षभर लेन्सला दोष देत राहतात.

पहिली पायरी: चादर आणि घोंगडी

दिवसा, ऊन थेट आत येत नाही अशा खिडकीजवळ चादर टांगा. वरची डायल कॅननवर ‘एव्ही’ला, निकॉनवर ‘ए’ला आणा, म्हणजे अ‍ॅपर्चर आपण ठरवायचं आणि शटर किती वेळ उघडं राहील ते कॅमेरा ठरवतो. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) ४००, अ‍ॅपर्चर एफ ५.६. फ्लॅश बंद. लेन्सवरचा फोकसचा खटका ‘एमएफ’वर ढकला, कारण कोऱ्या कापडावर ऑटोफोकसला धरायला काही सापडत नाही आणि शटर दबत नाही. काही लेन्सवर हा खटका नसतो, तिथे मेनूतून मॅन्युअल फोकस निवडायचा. फोकस नसला तरी आत्ता चालेल. चौकट पूर्ण चादरीने भरू द्या आणि फोटो काढा. शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहिलं, किती आला ते लिहून ठेवा. मग त्याच जागी, त्याच उजेडात घोंगडी टांगून तसाच फोटो काढा.

आता मागच्या स्क्रीनवर दोन्ही फोटो आळीपाळीने बघा. चादर राखाडी. घोंगडीही राखाडी! जवळजवळ एकाच छटेची. चादरीला समजा १/२५० सेकंद आला असेल तर घोंगडीला १/१५ च्या आसपास आला असेल. तुमचे आकडे वेगळे येतील, पण दोघांतलं अंतर असंच मोठं असेल. समोरचं जग सरासरी मध्यम राखाडी आहे, पडणाऱ्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत फेकणारं आहे, असं धरून मीटर चालतो. चादर दिसली की त्याला वाटतं उजेड फार झाला, म्हणून तो शटर लवकर बंद करतो. घोंगडी दिसली की वाटतं अंधार आहे, म्हणून जास्त वेळ उघडं ठेवतो. दोन्ही वेळा तो फोटो मधल्या राखाडीवर आणून सोडतो.

आता त्याला दुरुस्त करा. अधिक-उणे चिन्हाचं एक बटण असतं, कॅननवर मागे स्क्रीनजवळ, निकॉनवर शटरच्या बटणाजवळ. ते दाबून धरा आणि चाक फिरवा. ही एक्सपोजर कॉम्पेन्सेशनची सोय. चाकाच्या तीन टिचक्या म्हणजे एक पूर्ण स्टॉप. चादरीसाठी अधिक बाजूला चार-पाच टिचक्या द्या आणि पुन्हा फोटो काढा, चादर पांढरी होईल. घोंगडीसाठी उणे बाजूला तेवढ्याच द्या, घोंगडी काळी होईल. ‘पांढऱ्याला वाढव, काळ्याला उतरव’ हे ऐकायला उलटं वाटतं. उजेडी वस्तू आहे, मग आणखी उजेड कशाला, असा प्रश्न प्रत्येक नवा माणूस विचारतो. चादर समोर टांगलेली असली की उत्तर द्यावं लागत नाही.

काम झालं की ते चिन्ह शून्यावर परत आणा. बऱ्याच कॅमेऱ्यांत कॅमेरा बंद केला तरी ते तसंच राहतं आणि दुसऱ्या दिवशी सगळे फोटो पांढरेफटक येतात.

मोबाइलवरून डीएसएलआरकडे आलेल्यांनी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. व्ह्यूफाइंडरमध्ये आरशातून आलेलं खरं दृश्य दिसतं. तुम्ही टिचक्या कितीही दिल्या तरी ते उजळत नाही की काळोखत नाही. फरक फक्त आतल्या आकड्यांत आणि काढलेल्या फोटोत दिसतो.

स्टॉप म्हणजे काय

स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड. १/१२५ वरून १/२५० वर गेलं की उजेड निम्मा, १/६० वर आलं की दुप्पट. आयएसओ ४०० वरून ८०० केला की फोटो एका स्टॉपने उजळतो. अ‍ॅपर्चरचे आकडे तेवढे वेडेवाकडे वाटतात: २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. यातही एकेक पायरी म्हणजे एकेक स्टॉप आणि आकडा मोठा तसं भोक लहान. समजा एफ ८, १/१२५ आणि आयएसओ १०० वर फोटो बरोबर येतोय, पण तुम्हाला १/२५० हवा आहे. मग एफ ५.६ करा, किंवा एफ ८ तसाच ठेवून आयएसओ २०० करा. फोटो तेवढाच उजळ येईल. एका हाताने दिलं ते दुसऱ्या हाताने घ्यायचं, हिशेब एवढाच.

आकडे पाठ करायला एक जुना नियम उपयोगी पडतो. लख्ख उन्हात एफ १६ ठेवायचा आणि शटर स्पीड आयएसओइतका, म्हणजे आयएसओ १०० ला १/१००. आभाळ पूर्ण भरून आलं असेल तर एफ ८ आणि दाटून आलं असेल तर एफ ५.६. फिल्मच्या काळात लोक मीटर नसताना याच नियमावर फोटो काढत. तुमचा मीटर भर उन्हात यापेक्षा फारच वेगळं काही सांगत असेल, तर त्याची कुठेतरी फसगत होतेय असं समजा.

आधी काय ठरवायचं: वेग, खोली की दाणे

माझं मत स्पष्ट आहे. नव्या माणसाने सगळ्यात आधी शटर स्पीड सांभाळावा. दाणेदार फोटो आल्बममध्ये चालतो, थोडा काळपट फोटो घरी उजळता येतो, पण हललेला फोटो कशानेच सुधारत नाही.

ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढते. ज्येष्ठ सरत आलेला असतो, आभाळ भरलेलं असतं. एका वर्षी डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या एका आजींना मी विचारलं, ‘‘माउली, एक फोटो काढू का?’’ ‘‘काढ की बाळा, पण चालता चालता काढ,’’ असं म्हणून त्या पुढे निघाल्यासुद्धा. मी उलटा चालत तीन फोटो काढले, १/८० वर. तिन्हीत वृंदावन हललेलं आलं. त्या उजेडात आयएसओ ४००, एफ ५.६ ठेवलं असतं तर १/४०० सहज मिळाला असता. मी आयएसओ १०० वर अडून बसलो होतो, कारण कमी आयएसओ म्हणजे चांगला फोटो असं कुठेतरी वाचलं होतं. तेव्हापासून घराबाहेर पडताना कॅमेरा ४०० वर असतो.

चालणाऱ्या माणसाला १/२५० तरी हवा. पावल्या खेळणारे, फुगडी घालणाऱ्या बायका यांना १/५००. तरडगावजवळ चांदोबाचा लिंब इथे उभं रिंगण होतं, तिथे धावणाऱ्या अश्वाला १/१०००. समोरचा माणूस स्थिर असला तरी आपला हात हलतोच. लेन्सच्या मिलिमीटरच्या आकड्याला दीडने गुणा, तेवढा शटर स्पीड किमान ठेवा. ५५ वर झूम केली असेल तर साधारण १/१००. लेन्समधली स्थिरता राखणारी सोय, कॅननवर ‘आयएस’ आणि निकॉनवर ‘व्हीआर’, तुमच्या हाताचा कंप सांभाळते. समोरच्या वारकऱ्याचं पाऊल ती थांबवू शकत नाही.

अ‍ॅपर्चरने दृश्यातली किती खोली स्पष्ट दिसणार ते ठरतं. एकट्या चेहऱ्याला लेन्स उघडेल तेवढी उघडा, मागची गर्दी विरघळते. दिंडीची अख्खी रांग हवी असेल तर एफ ८. एफ १६ च्या पलीकडे जाण्यात फायदा नाही, बारीक भोकामुळे चित्र उलट मऊ होतं. १८-५५ लेन्सची एक मर्यादा ध्यानात असू द्या. १८ वर ती एफ ३.५ पर्यंत उघडते, पण ५५ वर जास्तीत जास्त एफ ५.६. म्हणजे अंधारात झूम कराल तसा उजेड घटतो. अंधारात झूम करू नका, दोन पावलं पुढे जा.

आयएसओ वाढला की दाणे वाढतात, रंग थोडे फिके होतात. आजच्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांवर १६०० पर्यंत काळजी करू नका. ३२०० गरजेला चालतो. त्यापुढे स्वतः फोटो काढून, संगणकावर मोठे करून बघा आणि तुमची हद्द तुम्हीच ठरवा.

हिस्टोग्राम: स्क्रीनवर भरवसा ठेवू नका

उन्हात मागची स्क्रीन काळपट दिसते, म्हणून माणूस फोटो उगाच उजळवतो. रात्री तीच स्क्रीन झगझगते आणि फोटो ठीक आलाय असं वाटतं. घरी आल्यावर तो काळाकुट्ट निघतो. म्हणून फोटो बघताना हिस्टोग्राम उघडायची सवय लावून घ्या. कॅननवर ‘डिस्प’ किंवा ‘इन्फो’चं बटण एक-दोनदा दाबलं की तो येतो. निकॉनवर आधी मेनूतल्या प्लेबॅकच्या पर्यायांत जाऊन तो चालू करावा लागतो. त्याच यादीत जास्त उजळलेला भाग लुकलुकवून दाखवायचा पर्याय असतो, तोही चालू करा.

डोंगररांगेसारखा तो आलेख असतो. डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. चादरीचा पहिला फोटो उघडा, सगळा डोंगर मधोमध दिसेल. टिचक्या दिलेला फोटो उघडा, डोंगर उजवीकडे सरकलेला दिसेल. डोंगर उजव्या भिंतीला जाऊन आपटला, कडा कापल्यासारखा दिसला, की तेवढा भाग जळाला. तिथे आता काहीच नोंदलेलं नाही. धोतराच्या चुण्या गेल्या, टोपीची शिवण गेली. ती पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. सावलीचा भाग पुष्कळदा उजळून घेता येतो. म्हणून पांढऱ्या कपड्यांचा फोटो काढताना डोंगर उजवीकडे न्यायचा, पण भिंतीला टेकू द्यायचा नाही.

आदर्श डोंगर असा काही नसतो. काळ्या पाषाणातलं मंदिर काढलंत तर डोंगर डावीकडेच असायला हवा. सिन्नरच्या गोंदेश्वराच्या भिंतीवरचं शिल्प चौकटभर घेतलं की मीटर दगडाला राखाडी करून टाकतो आणि त्या बेसॉल्टचा सगळा भारदस्तपणा जातो. तिथे उणे दोन-तीन टिचक्या देऊन बघा. आणि त्याच मंदिराचा लांबून, मागे पांढरं पावसाळी आभाळ घेऊन फोटो काढाल तेव्हा मीटर आभाळाला भुलतो आणि मंदिर नुसती काळी आकृती होऊन बसतं. तिथे अधिक टिचक्या. मंदिर एकच, पण चौकटीत जास्त जागा कोणी घेतलीय ते आधी बघायचं. माणसाच्या चेहऱ्यामागे आभाळ असेल तेव्हाही हेच, अगदी अधिक पाच-सहा टिचक्यांपर्यंत.

मीटरिंगचे दोन-तीन प्रकार मेनूत दिसतील. सध्या पूर्ण चौकट मोजणाऱ्या पहिल्या प्रकारावरच राहा. एकाच प्रकाराच्या चुका ओळखीच्या झाल्या की दुरुस्ती हाताला येते.

रंग: जेजुरीचा पिवळा

पालखी जेजुरीला पोचली की भंडारा उधळला जातो. हवा पिवळी, माणसं पिवळी, पायऱ्या पिवळ्या. आणि ऑटो व्हाइट बॅलन्सवर (प्रकाशाच्या रंगानुसार फोटोचे रंग आपोआप जुळवायच्या सोयीवर) ठेवलेला कॅमेरा इथे घोळ घालतो. प्रकाशातच पिवळेपणा आहे असं समजून तो त्यात निळा मिसळत जातो. एका फोटोत हळद फिकट, पुढच्यात हिरवट. उपाय सोपा आहे. व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढा आणि उन्हाच्या चिन्हावर ठेवा, म्हणजे साधारण ५२०० केल्विन. ढगाळ असेल तर ढगाच्या चिन्हावर. मग हळद हळदीसारखी येते आणि सगळे फोटो एकमेकांशी जुळतात. घरात जुना पिवळा बल्ब असेल तर बल्बचं चिन्ह, साधारण ३२०० केल्विन. पण समईच्या उजेडातला फोटो मी मुद्दाम पूर्ण दुरुस्त करत नाही. समईजवळ बसलेला चेहरा थोडा सोनेरीच दिसायला हवा.

भंडाऱ्याची दुसरी अडचण हिस्टोग्रामच्या पांढऱ्या आलेखात दिसत नाही. पिवळा रंग म्हणजे लाल आणि हिरवा भरपूर, निळा जवळजवळ नाही. एकूण उजेड मधोमध दिसतो, पण एकटा लाल रंग भिंतीला आपटलेला असतो. तसं झालं की उडणाऱ्या हळदीचा कण न् कण दिसण्याऐवजी एक सपाट पिवळा डाग उरतो. लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे आलेख दाखवायची सोय कॅमेऱ्यात असते, ती वापरा आणि लाल भिंतीला टेकला असेल तर दोन टिचक्या उतरवा. जोतिबाच्या गुलालालाही हेच लागू.

आणि एक हात जोडून सांगतो, भंडाऱ्यात उभं राहून लेन्स बदलू नका. ती भुकटी सेन्सरवर बसली की पुढच्या प्रत्येक आभाळात डाग दिसतात. जायच्या आधी एकच लेन्स लावा, कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधा, घरी आल्यावर आधी ब्लोअरने फुंका आणि मगच पुसा.

रॉ की जेपेग

कार्ड मोठं असेल तर दोन्ही एकदम साठवण्याचा पर्याय निवडा. जेपेग लगेच घरच्यांना पाठवता येते. रॉ, म्हणजे सेन्सरवरून आलेली कच्ची फाइल, जेपेगच्या कितीतरी पट मोठी असते, पण तिच्यात प्रत्येक रंगाच्या ४०९६ किंवा १६३८४ छटा असतात, जेपेगमध्ये २५६. काळपट फोटो उजळताना किंवा व्हाइट बॅलन्स बदलताना हा फरक कळतो.

पिक्चर स्टाइल, निकॉनवर पिक्चर कंट्रोल, हा मेनूही याच्याशी जोडलेला आहे. स्टँडर्ड, पोर्ट्रेट, लँडस्केप, न्यूट्रल वगैरे निवडलं की त्याप्रमाणे जेपेगचा रंग, कॉन्ट्रास्ट आणि धार बदलते. रॉ मध्ये मूळ माहिती तशीच राहते. मात्र स्क्रीनवर दिसणारं चित्र आणि हिस्टोग्राम हे जेपेगवरून बनतात, हे ध्यानात असू द्या. लँडस्केपवर रंग भडक होतात आणि हिस्टोग्राम उगाच घाबरवतो. माणसांसाठी मी न्यूट्रल किंवा स्टँडर्ड ठेवतो. सावल्या आपोआप उजळणारी सोय, कॅननवर ऑटो लाइटिंग ऑप्टिमायझर आणि निकॉनवर अ‍ॅक्टिव्ह डी-लाइटिंग, शिकण्याच्या काळात बंद ठेवा. ती चालू असली की चूक तुमची की कॅमेऱ्याची हे समजत नाही.

शेवटी मॅन्युअल

‘एम’वर गेल्याशिवाय फोटोग्राफर होत नाही असा एक समज आहे. खरं तर उजेड स्थिर आणि माणसं बदलती असतील तेव्हा ‘एम’ सगळ्यात सोयीचा. घाटात ढगाळ उजेड तासभर तसाच असतो, पण समोरून कधी पांढऱ्या धोतरांची दिंडी जाते, कधी काळ्या छत्र्यांची रांग. टिचक्या किती वेळा बदलणार? त्यापेक्षा उजेड एकदा मोजा आणि बांधून टाका. मोजायला स्वतःचा तळहात घ्या. समोरच्या माणसांवर पडतोय तोच उजेड हातावर पडू द्या, चौकट तळहाताने भरा आणि व्ह्यूफाइंडरमधला काटा शून्यावर न ठेवता अधिक एकवर येईल असं शटर आणि अ‍ॅपर्चर लावा, कारण तळहात मध्यम राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो. आता धोतर आपोआप पांढरं आणि छत्री आपोआप काळी येईल. ढग सरकला, ऊन पडलं, की पुन्हा हात धरायचा.

रात्रीच्या कीर्तनात एलईडी माळा आणि ट्यूबलाइट असतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे असे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण १/२५० वर फोटो काढला की एक फोटो उजळ, एक काळपट, एखाद्यात आडवा पट्टा. तिथे १/१०० किंवा १/५० ठेवा आणि बुवा टाळ्या-टाळांच्या मधे क्षणभर थांबतात तो क्षण पकडा. उजेड अपुरा पडला तर आयएसओ ३२००. रात्रीचे फोटो नेहमी काढणार असाल तर सगळ्यात आधी ५० मिलिमीटर एफ १.८ ची लेन्स घ्या. ५५ वर झूम केलेल्या जुन्या लेन्सपेक्षा ती जवळजवळ दहापट उजेड आत घेते. निकॉनच्या डी३५००, डी५६०० वाल्यांनी लेन्सवर ‘एएफ-एस’ लिहिलेलं बघून घ्यावं. या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नाही, जुन्या ‘डी’ लेन्सवर फोकस हातानेच करावा लागतो.

ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून, डोळा न लावता फोटो काढणार असाल तर व्ह्यूफाइंडर झाका. मागून शिरणारा उजेड मीटरला फसवतो.

घरी आल्यावर त्या दिवसाचे फोटो संगणकावर घ्या आणि पुसण्याआधी बिघडलेल्या फोटोंची माहिती उघडून बघा. हललेल्या फोटोंचा शटर स्पीड किती होता, मळकट आलेल्या पांढऱ्यांना किती टिचक्या दिल्या होत्या, एवढं एका वहीत लिहा. मग कॅमेरा हातात घ्या: कॉम्पेन्सेशन शून्य, आयएसओ ४००, व्हाइट बॅलन्स आणि फोकसचा खटका परत जागेवर, बॅटरी चार्जिंगला, कार्ड रिकामं. सकाळी पालखी लवकर निघते.